परत केलेल्या पैशाचा कर

अमेरिकेत दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत आयकराचे विवरणपत्र भरावे लागते. या विवरणपत्राला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात '२४ ई' या क्रमांकाची एक ओळ आहे. तिच्यापुढे जे छापले आहे त्याचा मराठीत अर्थ असा: १९७४ च्या व्यापार कायद्यामुळे परत करावा लागलेला पूरक बेकारी भत्ता. पुढे रक्कम लिहायला रिकामी जागा. बहुतेक करदाते ती जागा कोरी ठेवून पुढच्या ओळीकडे वळतात. ही ओळ कुणासाठी आहे, असा प्रश्नही त्यांना पडत नसेल.

मी कवी माणूस. बी.ए.ला इतिहास होता, तेवढीच माझी पुंजी. करसल्लागार होण्याचा माझा विचार नाही आणि आज मी कुणाला कर वाचवायचे मार्गही सांगणार नाही. पण या एका ओळीमागे पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. मोटारीच्या कारखान्यातले कामगार, त्यांची युनियन, परदेशी गाड्यांची लाट, सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती आणि दोन-तीन राष्ट्राध्यक्ष या एका ओळीत येऊन बसले आहेत. आणि तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कुठल्याही देशातल्या माणसाला कळेल असा आहे. हातात आलेले पैसे आपण परत केले, तर ते पैसे कधी आपले होते का? आणि नव्हतेच, तर त्यांच्यावर भरलेल्या कराचे काय?

गोष्ट १९५५ सालापासून सुरू करू. तेव्हा डेट्रॉइट हे जगाच्या मोटारधंद्याचे माहेरघर होते. पण मोटारीचे काम बारमाही नसायचे. नवे मॉडेल यायचे असले की कारखान्यातली यंत्रे बदलायची, मागणी घटली की पाळ्या बंद व्हायच्या आणि कामगार घरी बसायचा. 'ले-ऑफ' हा शब्द आपल्या गिरणगावात किंवा सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामुळे राज्यांचा बेकारी भत्ता सुरू झाला होता. मालकांकडून घेतलेल्या करातून तो दिला जाई. पण पन्नाशीच्या दशकात तो साधारणपणे पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच पडायचा. घरभाडे तिसऱ्या हिश्श्याने कमी होत नाही, आणि किराणावालाही तेवढ्यावर थांबत नाही.

युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांनी म्हणूनच हमीच्या वार्षिक वेतनाची मागणी लावून धरली. त्यांचे म्हणणे सरळ होते. कंपनीच्या अधिकाऱ्याला वर्षाचा पगार मिळतो, मग कामगाराला तासाचा का? कंपन्यांना ही मागणी मान्य होण्यासारखी नव्हती. शेवटी जून १९५५ मध्ये फोर्ड कंपनीशी जो करार झाला, त्यात वर्षाच्या वेतनाची हमी नव्हती, पण तिच्या दिशेने टाकलेले एक पाऊल होते. प्रत्येक कामगाराच्या कामाच्या प्रत्येक तासामागे कंपनीने ५ सेंट एका वेगळ्या ट्रस्टमध्ये टाकायचे. कामगार ले-ऑफवर गेला की राज्याचा बेकारी भत्ता आणि ट्रस्टचे पैसे मिळून त्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या ६५ टक्के रक्कम पहिले ४ आठवडे द्यायची, नंतर ६० टक्के, आणि असे एकूण २६ आठवड्यांपर्यंत. ट्रस्टकडून आठवड्याला जास्तीत जास्त २५ डॉलर. जनरल मोटर्सनेही काही दिवसांतच अशाच करारावर सही केली आणि पुढच्या वर्षी पोलाद कामगारांनी तो मिळवला.

याचे नाव 'सप्लिमेंटल अनएम्प्लॉयमेंट बेनिफिट', म्हणजे पूरक बेकारी भत्ता. आद्याक्षरे जोडून कामगार त्याला 'सब' म्हणू लागले. माझ्यासारख्या उर्दूच्या शेजारात वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकून जरा हसू येते. कारण 'सब' म्हणजे सगळे, आणि हा भत्ता तर उरलेली भोके बुजवण्यापुरता! पण 'पूरक' या शब्दाकडे लक्ष द्या. आपली पुढची सगळी कथा त्या शब्दातून निघते. सरकारकडून जे मिळेल ते आधी मोजायचे आणि त्यात जेवढे कमी पडेल तेवढेच ट्रस्टने घालायचे. सरकारचे वाढले की ट्रस्टचे तेवढे कमी.

करकायदा या योजनेच्या पाळण्यापासूनच तिच्याजवळ उभा होता. ट्रस्टला दिलेले पैसे कंपनीला धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतील, असा आयकर खात्याचा निर्णय मिळाला तरच योजना चालू होणार, अशी अट करारातच होती. राज्यांनी सबच्या कारणावरून आपला बेकारी भत्ता तोडू नये, हीही अट होती. या गोष्टी जुळून आल्यावर जून १९५६ पासून भत्ता मिळू लागला. १९६० मध्ये अशा ट्रस्टना करमाफी देणारे स्वतंत्र कलम कायद्यात घालण्यात आले.

म्हणजे कंपनीला वजावट मिळाली आणि ट्रस्टला माफी. राहिला कामगार. त्याला मिळालेला सब हे उत्पन्न धरले गेले आणि त्यावर आयकर लागला. सुरुवातीला तो पगारासारखा आधी कापला जात नसे. त्यामुळे वर्षभर तुटपुंज्यावर काढलेल्या माणसापुढे वर्षअखेरीस कराची रक्कम एकदम उभी राहायची. ही अडचण ओळखून १९६९ च्या करसुधारणा कायद्याने सबमधूनही पगारासारखा आयकर आधीच कापायची तरतूद केली. हा कर अन्यायाचा होता असे माझे म्हणणे नाही. सब पगाराच्या जागी येत होता, आणि पगारावर कर होताच. पण मनात एवढे पक्के ठेवू या की सब हातात पडला त्या वर्षी त्याच्यावर कर भरला जात होता.

१९६७ मध्ये फोर्डमधल्या मोठ्या संपानंतर सब आणखी वाढला. राज्याचा भत्ता धरून घरी नेण्याच्या पगाराच्या ९५ टक्क्यांपर्यंत, वजा साडेसात डॉलर. साडेसात डॉलर कशाचे? कामावर न गेल्याने जाण्यायेण्याचा, जेवणाखाण्याचा जो खर्च वाचतो त्याचे. रूथर यांचे वार्षिक वेतनाचे स्वप्न जवळजवळ खरे झाले होते. पुढे तेलाच्या किमती भडकल्या आणि १९७४-७५ च्या मंदीत ले-ऑफ इतके झाले की १९७५ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्सचे सब-निधी रिकामे झाले.

आता दुसरा धागा घेऊ. तो डेट्रॉइटमधून नव्हे, वॉशिंग्टनमधून येतो. परदेशी मालावरची जकात कमी केली की देशाचा एकूण फायदा होतो, पण त्याची किंमत काही ठरावीक कारखान्यांतले कामगार चुकवतात. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात १९६२ च्या कायद्याने प्रथमच मान्य केले की अशा कामगारांना देशाने भरपाई द्यावी. पण अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत एकाही कामगाराला तिचा लाभ झाला नाही. कागदावर हक्क आणि हातात शून्य. मग १९७४ चा व्यापार कायदा आला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर ३ जानेवारी १९७५ रोजी सही केली. त्याने अटी सैल केल्या. आयातीमुळे नोकरी गेली असे कामगार खात्याने प्रमाणित केले की कामगाराला 'व्यापार समायोजन भत्ता' मिळायचा. बेकारी भत्ता धरून आधीच्या सरासरी पगाराच्या ७० टक्के, वरच्या मर्यादेसह, साधारण ५२ आठवडे.

इथे दोन धागे एकमेकांत गुंतले. हा सरकारी भत्ता मिळण्याची पद्धत अशी की आधी कामगारांनी किंवा युनियनने अर्ज करायचा. खात्याने चौकशी करायची. आयात वाढली का, या कारखान्याचे उत्पादन त्यामुळे घटले का, हे तपासायचे. मंजुरी आली की ती मागच्या तारखेपासून लागू व्हायची. अर्जाच्या आधी वर्षभरात ज्यांची नोकरी गेली तेही तिच्यात येऊ शकत. म्हणजे कामगाराला मागच्या कितीतरी आठवड्यांचे पैसे एकदम मिळायचे.

आणि त्या मागच्या आठवड्यांत तो काय खात होता? सब! ट्रस्टने त्या आठवड्यांचा हिशेब सरकारी पैसे कमी आहेत असे धरून केला होता. आता त्याच आठवड्यांचे सरकारी पैसे वाढले. पूरक शब्दाचा नियम जागा झाला. ट्रस्टने पत्र पाठवले की तुम्हाला जास्तीचा दिलेला सब परत करा. त्यात ट्रस्टचे चूक म्हणता येणार नाही. तो निधी सगळ्यांचा होता आणि १९७५ मध्ये तो आटलेला सगळ्यांनी पाहिला होता. एकाने परत केलेल्या पैशावर पुढच्या ले-ऑफमध्ये दुसऱ्याचे घर चालणार होते.

कामगाराने पैसे परत केले. पण मधल्या काळात ३१ डिसेंबर येऊन गेला होता.

हा ३१ डिसेंबर करकायद्यात फार मोठा माणूस आहे. आयकर वर्षाचा हिशेब मागतो आणि वर्ष मिटले की ती वही मिटली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९३१ मध्ये ठासून सांगितले. डेलावेअर नदीतला गाळ काढण्याचे सरकारी काम घेतलेल्या एका कंपनीला १९१३ ते १९१६ या वर्षांत सुमारे १ लाख ७६ हजार डॉलरची तूट आली. सरकारशी भांडून १९२० मध्ये तिला ते पैसे व्याजासह मिळाले. कंपनी म्हणाली, हा नफा नाही, माझी तूट भरून आली आहे. न्यायालय म्हणाले, ज्या वर्षी पैसे आले त्या वर्षाचे ते उत्पन्न.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी एका तेल कंपनीच्या खटल्यात आणखी एक तत्त्व मांडले. जमिनीच्या मालकीचा वाद चालू होता, तरी १९१७ मध्ये सुमारे १ लाख ७२ हजार डॉलर कंपनीच्या हातात आले. वाद १९२२ पर्यंत मिटला नाही. मग कर कुठल्या वर्षाचा? न्यायालयाने ठरवले की हक्क सांगून पैसे घेतले आणि ते वापरायला कुणाची आडकाठी नव्हती, तर ते त्याच वर्षी उत्पन्न झाले. उद्या परत करावे लागले तर उद्याचे उद्या पाहू. या तत्त्वाला आपण 'हक्काचा दावा' म्हणू. हक्क आणि दावा हे दोन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले आणि मराठीचेच होऊन गेले. हिशेब, रक्कम, वसुली, जमा आणि वजा हे त्यांचे भाऊबंदही असेच आले. आपल्या देण्याघेण्याच्या भाषेत हक्क आणि हिशेब नेहमी शेजारी शेजारी बसलेले असतात. करकायद्यात मात्र एक एका वर्षात बसतो आणि दुसरा दुसऱ्या.

कुणी म्हणेल, यात काय मोठेसे? आमच्याकडे यंत्रमागावरचा कामगार मंदीत मालकाकडून उचल घेतो आणि काम सुरू झाले की ती पगारातून कापली जाते. तेही घेणे आणि परत करणेच. पण फरक आहे. उचल ही पहिल्या दिवसापासून कर्ज असते, आणि कर्ज हे उत्पन्न नव्हे. त्याच्यावर कुणी आयकर मागत नाही. सब हातात आला तेव्हा तो कामगाराचा हक्काचा पैसा होता. तो कर्ज झाला नंतर, दुसऱ्याच एका खात्याने केलेल्या मंजुरीमुळे. त्याच्यावरचा कर तर केव्हाच भरून झालेला.

'उद्याचे उद्या' म्हणजे काय, हे १९५१ मध्ये लुइस नावाच्या एका नोकरदाराला कळले. त्याला १९४४ मध्ये सुमारे २२ हजार डॉलर बोनस मिळाला आणि त्याने त्यावर कर भरला. पुढे राज्याच्या न्यायालयात ठरले की बोनसचे गणित चुकले होते. १९४६ मध्ये त्याने सुमारे ११ हजार डॉलर परत केले. त्याचे म्हणणे इतकेच होते की १९४४ चा हिशेब पुन्हा उघडा. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. वही मिटली ती मिटली. हवी तर १९४६ च्या उत्पन्नातून वजावट घ्या, त्या वर्षी तिचा जो काय उपयोग होईल तो होईल. न्यायमूर्ती डग्लस या निकालाशी सहमत नव्हते. करात अन्याय मुळातच पुष्कळ आहेत, सूक्ष्म भेद काढून आपण ते का वाढवावेत, असा त्यांचा सूर होता.

संसदेने हे ऐकले असावे. १९५४ च्या नव्या करसंहितेत कलम १३४१ आले. परत केलेली रक्कम ३ हजार डॉलरपेक्षा जास्त असेल तर करदात्याला दोन गणिते करायची मुभा मिळाली. एक म्हणजे यंदा वजावट घ्यायची. दुसरे म्हणजे त्या जुन्या वर्षी जेवढा कर जादा भरला तेवढा यंदाच्या करातून कमी करायचा. ज्यात कर कमी पडेल ते धरायचे. उपाय चांगला आहे, पण ३ हजारांच्या वरच्यांना. लुइससाहेबांचे त्यात भागले असते. ले-ऑफवरच्या कामगाराचे भागले नसते.

कसे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. डेट्रॉइटमधला एक विवाहित कामगार १९७९ मध्ये ले-ऑफवर गेला. १५ आठवडे, आठवड्याला ६० डॉलर, असा ९०० डॉलर सब त्याला मिळाला. त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यावर कराचा दर २१ टक्के धरला तर त्यावर १८९ डॉलर कर गेला. १९८० मध्ये व्यापार समायोजन भत्ता मंजूर झाला आणि त्याने ९०० डॉलर ट्रस्टला परत केले. रक्कम ३ हजारांच्या आत, म्हणून कलम १३४१ चा दरवाजा बंद. उरली साधी वजावट. पण तीही खर्चाच्या यादीतली. म्हणजे घरकर्जाचे व्याज, स्थानिक कर, देणग्या असे सगळे खर्च मांडायचे आणि त्यांची बेरीज एका ठरावीक रकमेच्या वर गेली तरच वरच्या भागाचा फायदा. पतीपत्नींसाठी ती रकम त्या वर्षी ३,४०० डॉलर होती आणि तेवढी सूट प्रत्येकाला यादी न देताही मिळतच होती. समजा या कामगाराचे बाकीचे खर्च २ हजार डॉलरचे. त्यात हे ९०० मिळवले तरी २,९०० होतात. ३,४०० च्या आतच. म्हणजे वजावट कायद्यात आहे आणि तिचा उपयोग शून्य. ज्या ९०० डॉलरपैकी एक सेंटही त्याच्याकडे राहिला नाही, त्यांच्यावरचे १८९ डॉलर सरकारकडे राहिले.

मोठा बंगला आणि मोठे कर्ज असलेल्या माणसाची यादी त्या आकड्याच्या वर सहज जाते. त्याने ९०० डॉलर परत केले असते तर त्याला वजावट मिळाली असती. एकाच कायद्यात, एकाच रकमेवर, भाड्याच्या घरात राहणारा बुडाला असता आणि बंगलेवाला तरला असता. कायदा लिहिणाऱ्याच्या मनात हे नसेलही. पण कायद्याचे वजन शेवटी ज्याच्या पाठीवर पडते त्यालाच कळते.

१९८० हे वर्ष मोटारधंद्याला फार वाईट गेले. पेट्रोल महागले होते, जपानी बनावटीच्या छोट्या गाड्या बाजार घेत होत्या. व्यापार समायोजन भत्ता घेणाऱ्यांची संख्या त्या वर्षी ५ लाखांच्या पुढे गेली आणि खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर पोचला. त्यांत मोटार आणि पोलाद कामगारांचा भरणा मोठा होता, आणि सबची योजनाही त्यांच्याच कराराची. ही अडचण आता एकट्यादुकट्याची राहिली नव्हती.

२८ डिसेंबर १९८० रोजी, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या आठवड्यांत, एक छोटी दुरुस्ती कायदा झाली. आज ती करसंहितेच्या कलम ६२ मध्ये आहे. तिचा आशय असा की व्यापार समायोजन भत्ता मिळाल्यामुळे ट्रस्टला सब परत करावा लागला, तर ती रक्कम एकूण उत्पन्नातून थेट वजा करायची. खर्चाची यादी द्यायची गरज नाही, ३ हजारांची अट नाही, बंगला असो वा भाड्याची खोली. करतज्ज्ञ याला 'रेषेवरची वजावट' म्हणतात, कारण ती उत्पन्नाचा आकडा ठरण्याआधीच होते. वर्षानुवर्षे कामगार विवरणपत्रावर शेजारच्या जागेत आपल्या हाताने 'सब-पे टीआरए' अशी खूण करून रक्कम लिहीत. आता तिला स्वतःचा क्रमांक मिळाला आहे. तीच आपली २४ ई.

या दुरुस्तीने वही पुन्हा उघडली नाही. १९७९ चा कर १९७९ मध्येच राहिला. पण परत केलेले पैसे परत केलेच आहेत, हे पुढच्या वर्षाच्या वहीने कबूल केले. कुठल्याही निवडणुकीच्या भाषणात तिचा उल्लेख झाला नसेल. तरीही मला ती मोठी वाटते, कारण प्रामाणिकपणे देणे फेडणाऱ्या माणसाकडे कायद्याने मान वळवून पाहिले.

इतिहास मात्र तिथे थांबत नाही. दुसऱ्याच वर्षी, १९८१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातल्या कायद्याने व्यापार समायोजन भत्ता कापला. तो बेकारी भत्त्याच्या पातळीवर आणला, आणि आधीचा बेकारी भत्ता संपल्यावरच तो मिळेल असे ठरवले. सरकारी भत्ता आणि सब यांची जी गुंतागुंत १९८० मध्ये शिगेला पोचली होती, ती त्यानंतर पुष्कळ विरळ झाली. १९८६ च्या करसुधारणेने अनेक किरकोळ वजावटींवर उत्पन्नाच्या २ टक्क्यांची पायरी घातली. ३ हजारांच्या आतली इतर परतफेड त्या पायरीखाली गेली. सबची परतफेड मात्र रेषेवर असल्याने वाचली. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून त्या किरकोळ वजावटी तात्पुरत्या बंदच केल्या आणि २०२५ च्या कायद्याने ती बंदी कायमची केली.

म्हणजे आजची स्थिती काय आहे, ती पाहा. एखाद्याला गेल्या वर्षी पगार किंवा बेकारी भत्ता जास्त दिला गेला, त्याने त्यावर कर भरला आणि यंदा ते जास्तीचे २ हजार डॉलर परत केले. त्याच वर्षात परत केले असते तर उत्पन्नातून वजा झाले असते. पण ३१ डिसेंबर ओलांडला आणि रक्कम ३ हजारांच्या आत राहिली, तर त्याला काहीही मिळत नाही. कोविडच्या वर्षांत अनेक राज्यांनी घाईघाईने बेकारी भत्ते वाटले आणि नंतर जादा दिलेल्याची वसुली काढली. त्यांतल्या कित्येकांना हा नियम नव्याने भेटला.

आणि २४ ई? ती ज्या योजनेसाठी लिहिली, त्या व्यापार समायोजन योजनेची मुदत संपली. १ जुलै २०२२ पासून नव्या अर्जांना मंजुरी देणे बंद झाले. आधी मंजूर झालेल्यांचे हक्क तेवढे चालू राहिले. ज्या कामगारांसाठी ही ओळ आखली होती ते आता सत्तरी-ऐंशीत असतील. ओळ शिल्लक आहे, तिच्यावर रक्कम लिहिणारे मात्र जवळजवळ उरले नाहीत. आणि ज्यांना तशाच ओळीची गरज आहे, त्यांच्यासाठी फॉर्मवर जागा नाही.

कुणी म्हणेल की दोनशे डॉलरसाठी एवढा इतिहास कशाला. एक उत्तर असे की ज्याचे दोनशे डॉलर जातात त्याचा ले-ऑफ चालू असतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. १९८० मध्ये संसदेला हा अन्याय दिसला, कारण तो एका युनियनच्या, एका धंद्याच्या, लाखो माणसांच्या वाट्याला एकदम आला होता. आज तोच अन्याय सुट्या सुट्या माणसांच्या वाट्याला येतो. कुणी दुकानातला, कुणी शाळेतला, कुणी इस्पितळातला. त्यांच्या मागे रूथर नाहीत आणि त्यांच्या परतफेडीला एक नावही नाही. तोडगा काही अवघड नाही. परत केलेली रक्कम लहान असो की मोठी, ती उत्पन्नातून थेट वजा होऊ द्यायची, एवढेच. ते कसे करायचे याचा नमुना त्यांच्याच कायद्यात चाळीसहून अधिक वर्षे लिहून ठेवलेला आहे.